मान डोलावल्याची शिक्षा

"डोलावलीस मान," चेत्तीना म्हणाली. "आता सांग बघू, मी काय म्हणाले?"

टेबलापलीकडे यामिले बसली होती. कोलंबियाहून माल्टात येऊन तिला चार महिने झाले होते. मोठ्या माणसाने काहीही म्हटलं की "सी, सेन्योरा", म्हणजे हो बाई, म्हणायचं, हे तिच्या आईने तिच्या अंगात असं मुरवलं होतं की समजो न समजो, मान आपोआप हलायची.

"समजलं नाही," ती शेवटी म्हणाली. "परत बोला."

"हेच आधी म्हणाली असतीस तर जीभ झिजली असती का? ऊठ. ग्लास तुझे."

यामिले हसत उठली आणि चहाचे दोन ग्लास विसळायला घेऊन गेली. नियम चेत्तीनाचाच होता: न समजता जो मान डोलावेल त्याने भांडी घासायची. इंग्रजी बोलायला शिकवायचं तर पुस्तकं लागत नाहीत, एवढा एक नियम पुरतो, असं तिचं ठाम मत होतं. तिच्याकडे विद्यार्थी पाठवणाऱ्या इंग्रजीच्या शाळेतले तरुण मास्तर क्रियापदांचे तक्ते भिंतीवर लावायचे. चेत्तीनाकडे विद्यार्थी फक्त गप्पा मारायला यायचे, ग्झीरा गावातल्या तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, आठवड्यातून चार दिवस. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं हे चालू होतं. खरं सांगायचं तर त्या तासासाठीच ती सकाळी उठून केस विंचरत असे.

नियमाला एक खोट होती. गेलं वर्षभर त्या घरात न समजता सगळ्यात जास्त मान कुणी डोलावली असेल, तर ती चेत्तीनाने.

आणि ही कोण बाई? जिने एकतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात हेडफोन लावून काढली. पलीकडच्याने नाव सांगायच्या आत, नुसत्या खाकरण्यावरून ती बेटावरचा माणूस ओळखायची. तिचे कान गेले तेही कपाटातल्या साखरेसारखे, रोज चिमूटभर. आधी पक्षी गेले, मग दारावरची घंटा, मग माणसांचं बोलणं, विशेषतः पाठीमागून आलेलं. कानात घालायचं यंत्र डॉक्टरांनी दिलं होतं. ते ड्रॉवरमध्ये, नवऱ्याच्या चष्म्याशेजारी पडून होतं. घातलं की सगळं जग कढईत तळल्यासारखं चरचरायचं. शिवाय, कानात यंत्र घातलेल्या बाईकडे संभाषण शिकायला शाळा कुणाला पाठवणार?

समोरच्याचे ओठ दिसले की तिला कळायचं. नाही दिसले की ती हसायची, मान डोलवायची आणि "अगदी बरोबर, माझे बाय" म्हणायची. या भांडवलावर वर्ष निघालं. मग वसंतात एका विद्यार्थ्याने शाळेच्या फॉर्मवर लिहून दिलं की बाई आपलं ऐकतच नाहीत. आणि म्हणून आज बारा वाजता शाळेच्या ऑफिसातला डोरियान तास बघायला येणार होता.

दिवस आणि वेळ मात्र चेत्तीनाने निवडली होती, आणि त्यात तिची खरी हुशारी होती. हा गावच्या जत्रेचा आठवडा. दुपारी बाराला किनाऱ्यावरून शोभेच्या दारूचे बार सुटत, ते अर्धा तास थांबत नसत. त्या अर्ध्या तासात ग्झीरात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. खाटीकही "काय? काय?" करतो आणि धर्मगुरूही. त्या गर्दीत आपलं एक "काय?" सहज खपून जाईल, असा तिचा हिशेब होता. तो अर्धा तास निभावला की पुढचं वर्ष आपलं.

यामिले हात पुसत परत आली. टेबलाला वळसा घालून ती आपल्या खुर्चीत बसली आणि मगच बोलली.

"सेन्योरा, आज बार नाहीत. खाली दुकानदार म्हणाला. वारा खूप आहे."

चेत्तीनाने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर चादरी दोरीवर आडव्या उडत होत्या. रस्त्यावर टांगलेले जत्रेचे पडदे खांबांना गुंडाळले गेले होते. अशा वाऱ्यात पोलीस बार उडवू देत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि नेमकं आजच लक्षात आलं नव्हतं.

"संध्याकाळी उडवतील?"

"वारा पडला तर."

यामिलेचंही सगळं आजच्या तासावरच अवलंबून होतं. सोमवारी एका वृद्धाश्रमात तिची मुलाखत होती, आणि तिला बोलता येतं असं शाळेचं पत्र आज डोरियानच्या सहीने मिळायचं होतं. ती नोकरी लागली तर नऊ वर्षांच्या लेकीला इकडे आणता येणार होतं. लेकीचा फोटो ती रोज टेबलावर उभा करून तासाला बसायची.

डोरियान बाराला पाच कमी असताना आला. दाढी राखलेला, उंच, काखेत फाइल. खालच्या गल्लीतला, त्याच्या आईचं पहिलं प्रेमप्रकरण चेत्तीनाच्या स्विचबोर्डवरून पार पडलं होतं.

"चेत्तीनामावशी, तुम्ही म्हाताऱ्या काही होत नाही," तो तिच्या दोन्ही गालांना गाल लावत म्हणाला.

"तू मात्र झालास. काय ही दाढी, तोंड कुठंय ते शोधावं लागतं."

तिने हे हसत म्हटलं, पण खोटं नव्हतं. तो खिडकीला पाठ करून खुर्ची ओढू लागला, तेव्हा तिचं हसू विरलं. मागून उजेड म्हणजे त्याचा चेहरा काळा, आणि चेहरा काळा म्हणजे सगळं संपलं.

"सर, तिथे नको," यामिले म्हणाली. "तिथे वारा. इथे बसा, माझ्याजवळ."

तो यामिलेच्या बाजूला बसला, आणि उजेड त्याच्या तोंडावर पडला. चेत्तीना यामिलेकडे बघत राहिली. गेल्या चार महिन्यांतलं बरंच काही तिला एकदम आठवलं. ही पोर कधी पाठीमागून बोलली नव्हती. कधी घास तोंडात ठेवून बोलली नव्हती. नेहमी समोर बसायची, आणि बसल्याशिवाय तोंड उघडायची नाही. म्हणजे हिला माहीत होतं, केव्हापासूनच. चेत्तीनाचे गाल तापले.

तास मात्र उत्तम झाला. म्हातारा पेशंट जेवायला नकार देतो, काय करशील, असं डोरियानने विचारलं.

"आधी बसेन," यामिले म्हणाली. एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. "उभं राहून बोललं तर तो घाबरतो. मग विचारेन, तुमच्या घरी आज काय शिजलं असतं?"

डोरियानने भुवया उंचावल्या. "इतकं स्वच्छ आमच्या वरच्या वर्गातसुद्धा कुणी बोलत नाही. मावशी, काय केलंत हिला?"

चेत्तीनाला ते दिसलं, आणि लागलंही. कारण तिने काहीच केलं नव्हतं. बहिऱ्या बाईला कळावं म्हणून पोर स्वतःच स्वच्छ बोलायला शिकली होती.

"चहा टाकते," ती म्हणाली. निभावलं, असं तिला वाटलं, आणि तीच चूक झाली. तिने दोघांकडे पाठ केली, आधण ठेवलं, डब्यातली बिस्किटं बशीत काढली. घरात शांत होतं. तिला तर सगळीच घरं शांत होती. काही वेळाने मानेवर कुणी बघतंय असं जाणवून ती वळली. डोरियानचे ओठ नुकतेच मिटले होते आणि भुवया वर होत्या. तो उत्तराची वाट बघत होता.

"हो, हो," चेत्तीना हसून मान डोलावत म्हणाली. "अगदी बरोबर."

डोरियानने फाइल उघडली आणि लिहायला घेतलं.

यामिलेच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बाई म्हणाल्या म्हणजे झालं. बाईंच्या पुढे बोलायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने लेकीचा फोटो टेबलावरून उचलून मांडीवर पालथा ठेवला.

आपण कशाला हो म्हटलं? चेत्तीनाला कळेना. पेन चाललं होतं.

"डोरियान, काय लिहिलंस ते वाच बघू," ती जमेल तितक्या सहज म्हणाली.

त्याने वाचलं, पण फाइलमध्ये मान घालून. दाढी हलताना दिसली, बाकी काही नाही. वाचून त्याने पान उलटलं आणि सहीच्या जागी पेन टेकवलं. अजूनही गप्प बसता आलं असतं. तो गेला असता, तास राहिले असते, पुढच्या आठवड्यात दुसरं कुणी शिकायला आलं असतं. गॅसवर पाणी उकळून भांड्याबाहेर येत होतं. तिने गॅस बंद केला.

"थांब. वर बघून बोल."

"काय झालं, मावशी?"

"मला ऐकू येत नाही." न समजल्याचं कबूल करायला तिने शेकडो लोकांना लावलं होतं, स्वतः मात्र ती पहिल्यांदाच करत होती. "मघाशी मी न ऐकताच मान डोलावली. तुझ्या त्या फॉर्मवर जे लिहिलंय ते खरंय. आता इकडे तोंड कर आणि परत सांग, काय विचारलंस?"

डोरियानने पेन खाली ठेवलं. मग त्याने खुर्ची फिरवली.

"मी म्हटलं," तो सावकाश म्हणाला, "कागदावर हिची पातळी अजून जुनीच आहे. म्हणजे नियमाने आणखी तीन महिने इथेच ठेवायची, पत्र त्यानंतर. चालेल ना, असं विचारलं."

"आणि मी हो म्हणाले."

"हो."

"तर ते खोड. तुझ्या कागदापेक्षा तुझे कान काय म्हणतात? ते तरी चांगले आहेत ना?"

डोरियान हसला नाही. त्याने पान फाडलं, नवीन घेतलं, लिहिलं आणि सही करून यामिलेसमोर सरकवलं. यामिलेने ते दोन्ही हातांनी धरलं, पण वाचलं नाही. ती चेत्तीनाकडे बघत होती.

"मावशी, हे मला ऑफिसात सांगावं लागेल."

"लागेलच."

"यानंतर तुमच्याकडे मुलं..." त्याने फाइल मिटली.

"पाठवता येणार नाहीत. कळलं. हे मात्र मला अगदी स्वच्छ कळलं." तिने चहा ओतला. "पिऊन जा. उपाशी गेलास तर तुझी आई मला बोलेल."

त्याने उभ्याउभ्याच चहा संपवला. जाताना पुन्हा गालांना गाल लावले आणि काहीतरी पुटपुटला. ते दाढीत राहिलं आणि तिनेही विचारलं नाही. मग जिना त्याच्या पावलांनी हलत राहिला, तेवढं तिला तळपायाला कळलं.

चेत्तीनाने तीन ग्लास गोळा केले, सिंकमध्ये ठेवले आणि बाह्या वर सारल्या. पाणी सोडलं. रडू येत होतं, ते तिने थोडं येऊ दिलं, पाठ वळलेली होती म्हणून.

कोपराला हलका स्पर्श झाला. यामिले वळसा घालून सिंकच्या त्या बाजूला, खिडकीच्या उजेडात येऊन उभी होती. तिच्या हातात पुसायचं फडकं होतं.

"बस जाऊन," चेत्तीना म्हणाली. "मान मी डोलावली, भांडी माझी. नियम म्हणजे नियम."

"नाही, सेन्योरा," यामिले म्हणाली.

चार महिन्यांत तिच्या तोंडून बाईंना असा नकार पहिल्यांदाच निघाला होता. चेत्तीनाला तो पहिल्या वेळीच नीट समजला होता. तरी तिने नळ बंद केला आणि तिच्याकडे तोंड केलं.

"समजलं नाही," ती म्हणाली. "परत बोल."