पाच वर्षांच्या स्वच्छ वह्या

माझी नात दहावीला गणितात नापास झाली तेव्हा मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. उलट पेटले. शंभरात अकरा? आमच्या भिंगरीला? तपासणाऱ्यानं पेपर झोपेत तपासला असणार, नाहीतर दुसऱ्याच कुणा मठ्ठाचे मार्क हिच्या नावावर चढवले असणार. याबद्दल मला तीळभर शंका नव्हती, आणि दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवत होते. लोक कपडे ठेवून पळत.

आमची लॉन्ड्री आहे. चाळीस वर्षं झाली. नवरा होता तेव्हा तो खुर्चीवर बसायचा आणि दुकान मी चालवायचे. आता खुर्चीवरही मीच बसते. माझी शाळा दुसरीपर्यंत. वाचता येतं, आकडे कळतात, लिहायला वेळ लागतो पण लिहिते. मुलगा परगावी कामाला, सून माझ्याबरोबर इस्त्रीवर, आणि त्यांची ही एकुलती एक. लहानपणी क्षणभर एका जागी ठरायची नाही, म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागले. तिला नर्सिंगला जायचं होतं. सोळा वर्षांत त्या पोरीनं माझ्याकडे स्वतःहून मागितलेली एवढी एकच गोष्ट. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती. गणित सुटलं तर प्रवेश, नाही सुटलं तर जागा दुसऱ्याला.

उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते असं कळल्यावर मी सुनेला अर्ज लिहायला बसवलं.

"आई, राहू द्या ना," सून म्हणाली. "पुरवणी परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. अर्जाच्या मागे लागण्यापेक्षा तिच्या अभ्यासाचं बघू."

"तू लिही. आणि ज्यानं अकरा दिले त्याचं नाव कळू दे मला. कांजीत बुडवून दोरीवर वाळत नाही घातला तर बघ."

भिंगरी पलीकडे चादरीच्या घड्या घालत होती. पाठमोरी. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. हल्ली ती फार बोलत नसे. मला ते शहाणपण वाटायचं.

एवढी खात्री मला का होती, ते सांगायला हवं. सहावीपासून तिचा गणिताचा अभ्यास मी घेत होते. लोक हसले होते तेव्हा. दुसरी शिकलेली म्हातारी गणित घेणार! पण मला कामाचं वळण लावता येतं. या दुकानात आलेल्या एकूण एक बाईला मी शर्टाची घडी शिकवली आहे. एक नमुन्याची घडी समोर ठेवायची, तिच्याकडे बघत शंभर शर्ट घालायला लावायचे. चुकली की सगळी मोडायची, पुन्हा पहिल्यापासून. शंभरानंतर हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही. सुनेला असंच शिकवलं. आज ती डोळे मिटून घडी घालते.

गणिताचं काय वेगळं असणार, असं मी धरलं. रोज संध्याकाळी दुकान आवरलं की इस्त्रीच्या टेबलावर तिला बसवायचे, समोर मी. पुस्तकातली दहा उदाहरणं. झाली की वही माझ्याकडे. मला रीत कळत नव्हती, पण पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असतात, ती मी बोट ठेवून ताडून बघायचे. उत्तर चुकलं की पान टर्रकन फाडायचं, पुन्हा लिही. मधे कुठे खाडाखोड दिसली, उत्तर बरोबर असलं तरी पान फाडायचं, पुन्हा लिही. गिऱ्हाइकाला डागाचा शर्ट परत देतो का आपण? मग शाळेला डागाची वही का द्यायची?

पहिल्या वर्षी पुष्कळ पानं फाटली. रडायची. एकदा एका पानासाठी पाच वेळा बसली. "आजी, अगं उत्तर आलंय ना!" म्हणून ओरडली माझ्यावर. मी म्हटलं, "आलंय, पण कसं आलंय बघ, चिखलातून चालत आल्यासारखं." मग मीच तिला गाईड आणून दिलं, नमुना म्हणून. त्यानंतर पानं फाटणं कमी झालं. सातवीत क्वचित. आठवीपासून एकही नाही. मला वाटलं, बसला हात.

उजळणीही करून घ्यायचे. सुटीत मागच्या सगळ्या वह्या पुन्हा पहिल्यापासून. शाळेतल्या परीक्षांत मार्क चांगले यायचे, कारण तिथे पुस्तकातलीच उदाहरणं घालत. वह्या बघून बाई म्हणायच्या, किती टापटीप मुलगी. मी त्या वह्या गिऱ्हाइकांना दाखवायचे.

आठवीत असताना सून एकदा दबक्या आवाजात म्हणाली होती, "आई, ती गणित सोडवत नाही हो. उतरवते."

"तू नववीत दोनदा बसलीस," मी म्हटलं, तेही दोन गिऱ्हाइकांसमोर. "तुला कुठे कळतंय सोडवणं कशाला म्हणतात ते."

पुन्हा ती त्या विषयावर बोलली नाही.

प्रतीचं पाकीट आलं तेव्हा दुकानात आमचे मास्तर उभे होते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, दर आठवड्याला पाच शर्ट, कॉलरला कांजी कडक. म्हटलं, बरे सापडले. साक्षीदारच मिळाला.

"मास्तर, जरा बघा. आमच्या पोरीचे मार्क कुणी चोरले ते सांगा."

मास्तरांनी चष्मा लावला. पानं उलटली. मीही वाकून बघत होते. काय अक्षर होतं! दोन्हीकडे समास आखलेला, प्रश्नांचे आकडे ओळीत. एक डाग नाही, एक खोड नाही. मी मान वर करून आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांना दिसतंय ना म्हणून.

"आजी," मास्तर म्हणाले, "हिनं जेवढं लिहिलंय तेवढं सगळं बरोबर आहे."

"मग! मी काय म्हणत होते?"

"पण लिहिलंच नाहीये."

मला कळेना. त्यांनी पानं माझ्यासमोर धरली. प्रश्नाचा आकडा, आणि खाली कोरं. पुढचा आकडा, कोरं. दोन उदाहरणं पूर्ण होती. एक अर्धं. बाकी नुसते आकडे, खिळ्यांना कपडेच नसावेत तसे.

"भिंगरी, इकडे ये," मी म्हटलं. "हे काय आहे?"

ती हात पुसत आली. "ती पुस्तकातली नव्हती, आजी."

मास्तरांनी तिला खुर्ची दिली. आवाज अगदी मऊ. "बाळ, टाकीला दोन नळ लावलेत, ते उदाहरण येतं का तुला?"

ती लगेच सुरू झाली. कागद नाही, पेन नाही. पान कितवं, उदाहरण कितवं, एक नळ सहा तासांत, दुसरा बारा तासांत, मग क्ष माना, मग पायरी, मग पायरी, म्हणून टाकी चार तासांत भरेल. श्वाससुद्धा घेतला नाही. माझी छाती फुगली. कपडे न्यायला आलेली एक बाई "अगं बाई!" म्हणाली.

"वा," मास्तर म्हणाले. "आता पहिला नळ सहाऐवजी तीन तास घेतो असं समज. मग?"

तिनं मान हलवली.

"नाही, सर," ती समजावल्यासारखं म्हणाली. "तिथे सहा आहे."

इस्त्री तापत होती, सुनेनं ती उचलून उभी केली. मास्तरांनी आणखी दोनतीन विचारली. सगळी पुस्तकातली सांगायची, आणि एक आकडा बदलला की थांबायची, पुढे पायरीच नसल्यासारखी. सहावीपासून दहावीपर्यंतचं प्रत्येक उदाहरण त्या पोरीनं आकड्यांसकट पाठ केलेलं होतं. पाच वर्षं. माझ्यासमोर बसून. मला फाडायला पान मिळू नये म्हणून.

"हिला गणित येत नाही असं नाही," मास्तर मला बाहेर नेऊन म्हणाले. "हिनं ते करूनच पाहिलेलं नाही. आधी चुकावं लागतं, आजी. चुकून बघायचं, खोडायचं, पुन्हा जायचं. ही पहिला शब्दच लिहीत नाही, कारण शेवट बरोबर येईल याची खात्री नाही."

माझ्यावर आवाज चढवलेला मी कुणाचा ऐकून घेत नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

परीक्षेपर्यंत मास्तर रोज आले. मीही बसायचे, पण आता लांब. मास्तर सोपी सोपी उदाहरणं घालायचे, पाचवीतली. म्हणायचे, चुकव बघू, मुद्दाम चुकव. ती पेन धरून बसायची. अर्धा अर्धा तास. नखं पांढरी पडायची पेनावर. खूप झालं की विचारायची, "सर, आधी उत्तर सांगता का?"

एक दिवस मला राहवलं नाही. मी उठले, तिची वही ओढली आणि तिच्याच पेनानं पानभर रेघोट्या ओढल्या. उभ्या, आडव्या, गिरबटून ठेवलं. "हे बघ. काही होत नाही. छत पडलं का? मी सांगते ना, चुकीचं लिही आणि खोड! मनसोक्त खोड!"

ती घाबरून उठली. पान अलगद, दुसऱ्या पानाला धक्का न लावता, टाचणीपासून सोडवून काढलं, घडी केली, आणि नव्या पानावर समास आखायला घेतला.

सून मोरीत गेली. नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं. त्या दिवशी मी तिला पाणी वाया घालवू नकोस असं म्हटलं नाही.

"सुनबाई," मी मोरीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "तू मला सांगितलं होतंस."

"हो," ती म्हणाली. एवढंच. मी पाठीवर ठेवायला हात उचलला, तर ती बादली घेऊन बाजूला झाली.

पुरवणी परीक्षेला मी तिला सोडायला गेले. आदल्या दोन आठवड्यांत थोडं हललं होतं. मास्तरांनी घातलेली चार उदाहरणं तिनं स्वतःहून सुरू केली होती. दोन चुकली, दोन बरोबर आली. मास्तर म्हणाले होते, पासापुरतं जमेल, लिहीत राहिली तर. मी फाटकाशी तिचा हात धरला. "डाग बघायचा नाही. नुसतं लिहायचं. वाटलं चुकलं, खोडायचं, पुढे जायचं. ऐकलंस?"

"ऐकलं, आजी."

माझं ऐकतेच ती. आजवर ऐकतच आलीय.

तीन तास मी भिंतीच्या सावलीत बसून होते. इतर आईबाप अर्ध्या तासानं उठून येरझाऱ्या घालत होते. मी नाही. घंटा झाली, मुलं बाहेर आली. भिंगरी शेवटी आली. बोटांना शाई, मनगटाला शाई, गालावरसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. पाच वर्षांत पहिल्यांदा तिचे हात मळले होते.

"लिहिलंस?"

"सगळं लिहिलं."

"सगळं? सगळे प्रश्न?"

"हो. एकही सोडला नाही."

मी तिच्या गालावरची शाई पदरानं पुसायला लागले. हसत होते बहुतेक. "आणि खाडाखोड?"

"केली. तू सांगितलं होतंस ना." ती माझ्याकडे बघत नव्हती. "पहिलं लिहिलं, मग वाटलं चुकलं. खोडलं. दुसरं लिहिलं, तेही तसंच वाटलं. बरोबर कुठलं ते कळेना, आजी. मग सगळंच खोडलं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. शेवटचं खोडलं आणि घंटा झाली."

पदर माझ्या हातातच राहिला. मला जन्मभर शब्दांची कधी वाण पडली नाही. परीक्षकाला, सुनेला, नवऱ्याला, गिऱ्हाइकाला, सगळ्यांना मी जागच्या जागी दिलं आहे. त्या वेळी मी फक्त तिची बोटं एकेक करून पुसली.

आमच्या बाजूला दोनतीन मुली पायरीवर टेकून प्रश्नपत्रिका बघत होत्या. "तुझं किती आलं?" "नऊ." "ए, माझं तर वजा नऊ आलं!" आणि ती वजा नऊवाली पोट धरून हसायला लागली. दुसरीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "येडी! टाकीत वजा पाणी असतं होय?" मग दोघीही हसल्या.

भिंगरी त्यांच्याकडे बघत उभी राहिली. कितीतरी वेळ. मी तिचा हात ओढला तरी हलली नाही.

"आजी," तिनं हळूच विचारलं, "तिचं चुकलंय ना? मग ती हसतेय कशी?"