राखेतले वाटाणे

“मावशी, गोधडी काढ. कोळशाला कसली आलीय थंडी!” गाडीवाला डिनीन हसला.

पेत्रोनेलेनं ऐकलं नाही. तळघरात उतरणाऱ्या लोखंडी घसरगुंडीवर तिनं लग्नातली पिसांची गोधडी अंथरली. “तू ओत रे. आणि तोंड बंद ठेव.”

पेनसिल्व्हेनियातल्या त्या खाणगल्लीत बायकांचे कान भारी तिखट. कोळशाची नावंच मापावरून: अंड्याएवढा तो ‘अंडं’, गडगडत उतरायचा, सुपारीएवढा ‘चेस्टनट’ खडखडत, आणि गरिबाघरचा स्वस्त, बारीक ‘वाटाणा’ नुसता सळसळत. कुणाकडं काय पडलं, ते चौथ्या घरची बाई कोबीचं सार ढवळता ढवळता सांगायची. नवरा खाणीत होता तोवर पेत्रोनेलेकडं चेस्टनटच जळला, आणि बढाया मारत तोंडही तसंच चाललं. “गेल्या हिवाळ्यात शेगडी अशी तापली, की भिंतीवरच्या चित्रातल्या संतानं अंगरखा काढला!” आता नवरा नव्हता, खाण बंद होती, आणि ऐपत वाटाण्याचीच होती.

वाटाणा गुपचूप उतरला. गोधडी काळीठिक्कर झाली.

सकाळी पायऱ्यांवर बर्फाचा आरसा. आपापल्या दारापुढं शेगडीतली राख पसरायची, हा गल्लीचा रिवाज. पेत्रोनेले बादली घेऊन आली अन् थबकली. तिच्या शेगडीची जाळी चेस्टनटच्या मापाची. कितीतरी वाटाणे न जळताच खाली गळून राखेत काळे लखलखत होते. ती तशीच आत वळली.

जरा वेळानं धप्पकन आवाज झाला. चर्चला निघालेली शेजारची लंगडी आगोता पेत्रोनेलेच्या दारापुढं बर्फावर आपटून बसली होती.

“काय गं, शेगडी विझली की काय तुझी?”

पेत्रोनेलेच्या जिभेवर झकास थाप आली होती. पण आगोताच्या हाताचा तळवा फुटला होता, बर्फावर लाल ठिपके पडले होते. तिनं थाप गिळली, बादली आणली आणि मान खाली घालून राख पसरली. कानाच्या पाळ्या नुसत्या पेटल्या होत्या.

आगोता तिच्या खांद्याला धरून उठली. खाली बघितलं. मग हळूच म्हणाली, “संताला अंगरखा घाल गं बाई. गारठेल.”

पेत्रोनेलेला मान वर करवेना. ती उरलेली राख आगोताच्या पावलांपुढं टाकत चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गेली. मागून बुटांखाली वाटाणे वाजत होते, कुरुम, कुरुम, आणि एकेका खिडकीचा पडदा हलत होता.