दिलीप मिस्त्रींचा ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. लोखंडाचा गोळा, त्याला दोरी आणि दोरीत ओवलेला लाकडी गुटका. गुटका भिंतीला वर टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला हलकेच शिवलो की भिंत सरळ. मध्ये फट राहिली की भिंत बाहेर झुकली. जन्मभर मी एवढंच सांगत आलो.

पांढुर्ण्याच्या बाजारातून दिलीप मिस्त्रींनी मला घेतलं, त्याला तीस वर्षं झाली. सावरगाव, लोधीखेडा, सौसर. किती भिंतींना टेकलो, आता आठवत नाही. लोक म्हणायचे, "दिलीप मिस्त्रीची भिंत पाहाच लागत नाही." ते ऐकलं की मिस्त्री मला सदऱ्याने पुसत.

त्यांची बायको सिमेंट-वाळूचा गारा कालवायची. तिचे गुडघे गेले, तेव्हा मुलगी रजनी त्या जागी आली आणि हळूहळू विटाही लावायला शिकली. बापलेक दिवसभर एकाच परांचीवर. संध्याकाळी दोघांच्याही कमरा धरलेल्या.

यंदा सौसरला एका घराचं काम होतं. मिस्त्रींनी मला सोडलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "सुतात हाय."

खाली बोटभर फट होती. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी नुसता लटकत राहिलो.

रजनीने पाहिलं. "बाबा, खाली फाक दिसून राहिली."

"तू मले शिकवून राहिली काय?"

मजूर हसले. ती गप्प बसली आणि आणखी चार थर चढले. दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर स्लॅबची तयारी सुरू होणार होती. त्याच दुपारी मजूर जेवायला गेले, तेव्हा तिने मला पुन्हा सोडलं आणि बापाचा हात धरून माझ्यापाशी आणला.

"डोळ्यानं नोका पाहू. बोट घालून पाहा."

त्यांचं बोट फटीतून सहज गेलं. त्यांनी पुन्हा घातलं. मग ते तिथेच विटांवर बसले.

"कवापासून दिसत नाही, बाबा?"

"दिवाळीपासून धुकं दिसते. सांगतलं असतं, तर घरी बसवलं असतं तुमी."

वाकडी भिंत त्यांनी स्वतः हातोड्याने उतरवली. मालक खूप बोलला. मिस्त्री म्हणाले, "चूक माही हाय." रजनी म्हणाली, "आमची हाय." मग त्यांनी माझी दोरी तिच्या हातात दिली. "आता तू लाव. मी विटा देतो."

मोतिबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. अजून ते विटाच देतात. दहा-बारा विटा दिल्या की कंबर धरून उभे राहतात. तेवढा वेळ रजनी उगाच गारा सारखा करत बसते.

मीही थकलो आहे, गंज चढला आहे. काम संपलं की मला कोरडं पुसून ठेवा, इतकंच माझ्यासाठी मागतो. पण तुमच्या घरी कुणाची नजर, कुणाचा हात चुकू लागला असेल, तर त्याला चारचौघांत खोटं पाडू नका, मित्रांनो. आणि गप्पही बसू नका. भिंत तोवर चढतच जाते.