फिरती फाईल

चारुशीलेने फिरत्या फायलीची नाडी सोडली, मधली एक चिठ्ठी उपसून काढली आणि घडी घालून पर्समध्ये टाकली. फायलीतला कागद काढायचा नाही असा नियम होता. हेडक्लार्क मुकुंदराव समोरच उभे होते. त्यांनी पाहिलं आणि तोंड दाराकडे फिरवलं. आईचं सगळं आटोपून धोंडबाजी आज कामावर यायचे होते.

वाडीच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत तोंडी निरोपाला बंदी होती. एकदा कोणी कोणाला सांगितलेला निरोप मधल्यामध्ये जिरला आणि वर्ध्याचा ट्रक भंडाऱ्याला जाऊन उभा राहिला, तेव्हापासून मालकांचं फर्मान निघालं. जे कळेल ते कागदावर लिहायचं आणि फायलीत घालायचं. फाईल टेबलावरून टेबलावर फिरणार, आणि प्रत्येकाने वाचून सही करायची. फर्मानात खोट काढायला जागा नव्हती, पण रोज येणारे ते ढीगभर कागद वाचणार कोण? महिन्याभरात सगळ्यांचा हात बसला. डाव्या हातात चहाचा कप, उजव्याने कागदाचे कोपरे उचलायचे आणि सह्या ठोकत जायचं. त्यातही धोंडबाजींचा हात सगळ्यांत सफाईदार. त्यांच्या टेबलावर फाईल चहा निवेपर्यंतही टिकत नसे, आणि याचं त्यांना स्वतःला मोठं कौतुक होतं.

पंधरा दिवसांपूर्वी नरखेडहून ट्रंककॉल आला तेव्हा धोंडबाजी गोदामात होते. फोन चारुशीलेने उचलला. गावचे पोस्टमास्तर बोलत होते. धोंडबाजींच्या आईचं, बायजाबाईचं काही खरं नाही, मुलाला आत्ताच्या आत्ता पाठवा. निरोप पोचलाच समजा, असं चारुशीला म्हणाली. तिने चिठ्ठी लिहिली, फायलीत सगळ्यांत वर ठेवली आणि फाईल धोंडबाजींच्याच टेबलावर नेऊन ठेवली. तिची अर्ध्या दिवसाची रजा होती आणि घरी जायची नंदनवनची बस चुकली असती. ती गेली. धोंडबाजी परत येईपर्यंत त्या चिठ्ठीवर आणखी कोणाकोणाचे कागद येऊन पडले.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा गावचा माणूस येऊन धोंडबाजींना घेऊन गेला होता. बायजाबाई पहाटेच गेली होती. चारुशीलेने फाईल उघडली. चिठ्ठीवर ऑफिसातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, आणि पहिली सही धोंडबाजींची होती. काय झालं ते कळल्यावर त्या कागदाला हात लावायचं धैर्य कोणालाच झालं नव्हतं.

आज धोंडबाजी आले ते पिशवीसुद्धा न ठेवता सरळ तिच्या टेबलाशी आले. डोकं भादरलेलं, डोळे आत गेलेले.

"बाई, पोस्टमास्तर म्हणते, फोन तुमी उचलला होता."

"हो."

ते बसले नाहीत. टेबलाची कड धरून, खाली बघत सांगू लागले. निरोप पोचला, असं पोस्टमास्तरांनी घरी जाऊन सांगितलं होतं. तेव्हापासून म्हातारीने कोणाच्या हातचं पाणी म्हणून घेतलं नाही. धोंडू येऊन राहिला, आला की त्याच्याच हातचं पिईन, एवढंच म्हणत शेवटपर्यंत दाराकडे बघत राहिली.

निरोप पोचला हे चारुशीलेचेच शब्द होते. मोसंबीच्या दिवसांत हीच बायजाबाई मुलाच्या हाती 'फोनवाल्या बाईले दे' म्हणून पिशवी भरून मोसंबी धाडायची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलंही नव्हतं.

"मले एकच इचारायचं आहे," धोंडबाजी म्हणाले. "चिठ्ठी फायलीत टाकली होती का तुमी? मी तं न पाहता सह्या करतो. तवापासून तेच डोक्यात घुमून राहिलं. माह्याच हाताखालून तं नाही गेली?"

आता त्यांनी वर पाहिलं. त्या डोळ्यांत नुसती भीती होती. मुकुंदराव खाकरले. तिची काही चूक नव्हती, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं असावं.

"नाही," ती घाईने म्हणाली. "मी लिहिलीच नाही. बसच्या गडबडीत विसरून गेले."

धोंडबाजींनी श्वास सोडला. इतके दिवस आवळून धरलेले खांदे खाली आले, आणि क्षणभर त्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. मग चेहरा हळूहळू कठीण होत गेला. तो तसा होताना ती समोर उभी राहून बघत होती.

"मंग तुमाले माफी नाही, बाई. माह्या जिवात जीव आहे तवर नाही."

"नको," चारुशीला म्हणाली.