उजव्या चाकाचा चिमटा

आमच्या राहीच्या लग्नात लेकीला सासरी सोडायला आमचीच गाडी होती. करंजीच्या घाटात ब्रेक लागेनात, म्हणून आमच्या मालकांनी, राहीच्या आबांनी, ती डोंगराच्या अंगाला घासत घासत उभी केली. घडलं ते एवढंच. जावयाच्या फेट्यावर धूळ बसली, करवलीच्या हातातला नारळ घरंगळत गेला आणि नवरी तर हसायलाच लागली. लांब उताराला चाकातले ब्रेकचे ड्रम तापतात, तापले की ब्रेक धरत नाहीत आणि गार झाले की पुन्हा धरतात, हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असतं. आम्ही झाडाखाली बसलो, ड्रम गार झाले, वरात शेवगावला वाजतगाजत पोचली. सगळे विसरले. हे विसरले नाहीत.

गाडी हेरल्ड, इथल्याच कारखान्यात बनलेली. नगरच्या एका डॉक्टरांकडे हे ड्रायव्हर होते. डॉक्टर मुलाकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा गाडी यांच्या हवाली करून गेले. तिचं इंजिनावरचं टोपण उघडलं की मडगार्डासकट अख्खं तोंडच पुढं कलंडायचं आणि दोन्ही चाकं उघडी पडायची. केडगावात आमच्या वस्तीवरून जाणारे म्हणायचे, सूर्यभानची गाडी जांभया देतीया, तिला जरा निजू द्या. लग्नसराईत नवऱ्या आणायच्या, एरवी आजारी माणूस दवाखान्यात न्यायचं, उरल्या वेळात शेती, असं आमचं चाललं होतं.

पण त्या दिवसापासून हे राहुरीला जात, श्रीगोंद्याला जात, घाट मात्र उतरत नसत. घाटाखालच्या पाथर्डीकडचं भाडं आलं की कधी क्लच बिघडलेला असे, कधी टायर गेलेला असे, आणि काहीच सुचलं नाही तर मला ताप आलेला असे. त्या दीड वर्षात मी ठणठणीत होते, पण तिसगाव-पाथर्डीच्या लोकांना वाटत असेल, सूर्यभानची बायको काही फार दिवसांची सोबतीण नाही.

राही पहिल्या बाळंतपणाला आली ती एस.टी.नं. मुलगी झाली. संक्रांत झाली की पाठवून द्या, असा शेवगावचा निरोप आला. राही म्हणाली, मी आबांच्याच गाडीत जाणार. हे म्हशीकडं बघत म्हणाले, आताशा एस.टी. लई वेळेवर येती.

मला काय ते कळलं. लेक परकी होते ती लग्नात नाही. बाप तिला स्टँडवर सोडून माघारी फिरायला लागला, म्हणजे होते. यांनी या खेपेला तिला घाटापलीकडं नेलं नसतं, तर पुढं कधीच नेलं नसतं. हे त्यांनाही कळत होतं. पण भ्यालो असं म्हणायचं नाही, ही आमच्याकडच्या पुरुषांची रीत. मग ते ब्रेकवर बोलू लागले.

स्टँडमागं छगनचं गॅरेज होतं. यांचा जुना दोस्त, तोंडानं फाटका आणि हातानं बरा. त्यानं बातमी आणली, की राहात्याला एका गॅरेजमागं विलायतेची हेरल्ड पडली आहे. एक गोरं जोडपं ती रस्त्यानं थेट इथवर घेऊन आलं होतं. मागून ट्रकनं ठोकली, तशी टाकून पुढं गेलं. मागची बाजू चेपली होती, पुढची जशीच्या तशी. आणि तिच्या पुढच्या चाकांना ड्रम नव्हतेच. ताटाएवढी लोखंडी चकती, आणि तिला दोन्हीकडून धरणारा जाडजूड जबडा. छगन त्याला चिमटा म्हणे. चकती उघड्यावर फिरते, वारा लागतो, त्यामुळं तापली तरी ब्रेक सोडत नाही. हे ऐकून यांचा चेहरा असा झाला, की तसा मी राहीचं लग्न ठरल्यावरही पाहिला नव्हता.

तिच्या पुढच्या चाकांमागचं सगळं गॅरेजवाल्यानं खोलून पोत्यात भरून ठेवलं होतं, ते दोघं जाऊन घेऊन आले. पोत्यातून अंगणात ओतलं, तर चकत्या दोन आणि चिमटा एकच. डावा. उजवा आधीच कुणीतरी काढून नेला होता. एका चाकाला चिमटा आणि दुसऱ्याला ड्रम, असं तर चालत नाही. ब्रेक दाबला की गाडी एकीकडं ओढणार. छगन म्हणाला, काळजी करू नका. भिंगारच्या भंगारातून त्यानं एक चिमटा आणला. दिसायला सख्खा भाऊ. भोकं जरा कानशीनं घासावी लागली, पण बसला. छगन म्हणाला, भोकं जुळली म्हणजे गुण जुळले, आता अक्षता टाका.

गाडी घेऊन हे सपाट रस्त्यावर गेले आणि थोड्याच वेळात माघारी आले. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं झेप घेत होती. पुन्हा खोललं, पुसलं, बसवलं. पुन्हा तेच. छगननं टायरवर संशय घेतला, मग रस्त्यावर, मग यांच्या स्टिअरिंग धरण्यावर. तिथं दोघांचं जरा वाजलं.

दोन्ही चिमटे खोलून त्यातले चकतीवर दाब देणारे वाटोळे पिस्टन माझ्याच पितळी परातीत मांडले होते. परात परत मागायला मी गेले. बाळाला न्हाऊ घालायचं होतं, तिचे चांदीचे वाळे काढून माझ्या हातात होते. परातीतलं सामान बाजूला काढता काढता सहज एक वाळा एका पिस्टनवर घालून बघितला. बाया भांड्याला झाकण लावून बघतात ना, तसा. तो अलगद खाली उतरला. दुसऱ्यावर अडला.

"ह्यो जात न्हाई," मी म्हणाले.

छगननं वाळा हातात घेतला, चारी पिस्टनवर फिरवला. भंगारातले दोन्ही पिस्टन जाड होते. जाड पिस्टन जास्त जोरानं दाबणार, म्हणून उजवं चाक जास्त धरणार. एवढा वेळ दोघांनी पट्टीनं बाहेरची भोकं मोजली होती, आतलं कुणी बघितलंच नव्हतं. छगन म्हणाला, वहिनी, सोयरीक करताना आमी नुसतं घरदार बघितलं, पोरगं बघायचंच ऱ्हायलं. मी वाळे धुऊन घेतले. त्यांना ब्रेक ऑइलचा वास लागला होता, राहीनं नाक मुरडलं.

आता खरा उजवा चिमटा पाहिजे होता. हे एकटेच राहात्याला गेले. गॅरेजवाल्याला काही माहीत नव्हतं. निराश होऊन परत येताना स्टँडवर माझ्यासाठी पेरू घ्यावेत म्हणून एका पाटीपाशी थांबले. झुंबरबाई म्हणून पेरूवाली होती. तिनं तागडी उचलली. एका पारड्यात पेरू आणि दुसऱ्यात आमचा चिमटा.

बाईचं दोन किलोचं माप हरवलं होतं, म्हणून तिच्या पुतण्यानं हे लोखंड कुठून तरी आणून दिलं होतं. यांनी मागितलं, तर ती देईना. माझं माप इमानाचं हाय, म्हणाली, गिऱ्हाईक दुसरीकडं जात न्हाई. शेवटी यांनी बाजारातून शिक्क्याचं खरं माप आणून दिलं, आणि बाईनं दोन्ही दोन पारड्यांत टाकून पाहिलं. चिमटा चांगलाच खाली गेला. इतके दिवस बाई सगळ्या राहात्याला वाढीव पेरू खिलवत होती. गिऱ्हाईक दुसरीकडं का जात नव्हतं ते तिला तेव्हा कळलं. यांच्याकडं बघून ती म्हणाली म्हणे, "घेऊन जा ह्ये मढं माझ्या म्होरून."

या पिस्टनांवरून वाळा आपणहून खाली गेला. छगननं डावा-उजवा जोडीनं बसवले. मग ब्रेक ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची होती. त्याला एक माणूस खाली आणि एक ब्रेकवर लागतो. छगनला दुसरी गाडी आली, तेव्हा ब्रेकवर मी बसले. हे चाकापाशी उकिडवे. दाब, म्हणायचे. धर. धरून ठेव. सोड. पुन्हा दाब. एका चाकाचं झालं की दुसरं. आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण इतका वेळ सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आणि मीही इतकं मुकाट्यानं कधी ऐकलं नव्हतं.

वाळूची पोती भरून, शेजारी छगनला बसवून ते घाट उतरून आले. छगननं सांगितलं, की मी वाटंत झोपलो, ह्यापरीस दुसरा दाखला काय देऊ.

पाठवणीच्या दिवशी सकाळी पाळणा मागं बांधला. बाळाला कुंची घातली. राही लेकीला घेऊन मागं बसली, मी पुढं. मेहेकरी गेली, कौडगाव गेलं. घाटाच्या माथ्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली आणि खाली उतरले. पाळण्याच्या दोऱ्या उगाच ओढून बघितल्या. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, की पाथर्डीची एस.टी. एवढ्यात येईल. तुम्ही तिघी खाली करंजीपर्यंत तिच्यात बसा, मी सामान घेऊन मागून येतो.

माझ्या जिभेवर बरंच आलं होतं. पण राही यांची रिकामी सीट वाकवून खाली उतरली, आणि बाळ तिनं यांच्या हातात दिलं. हिला धरा जरा, म्हणाली. डोक्यावरचा पदर नीट केला, टपरीवाल्याकडून पाणी मागून प्याली. यांना बाळ धरता येत नसे. कोवळ्या काकड्यांची पाटी धरावी तसे ते दोन्ही हात पुढं करून उभे होते.

"आबा," राही म्हणाली, "त्या दिवशी बिरेक गेल्ते. तरी तुमी गाडी थांबिवलीच की."

हे बाळाच्या कुंचीकडं बघत राहिले.

"मला तवा भ्या वाटलं न्हाई. आता तर बिरेक बी हायेत."

लांबून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. एस.टी. आली, कंडक्टरनं दारातून डोकं काढून आमच्याकडं पाहिलं. यांनी त्याला मानेनंच जा म्हणून सांगितलं. बाळ राहीला दिलं, धोतराला हात पुसले आणि स्टिअरिंगवर बसले.

आम्ही उतरलो ते पालखी उतरावी तसे. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय पत्र्यावर गच्च दाबला जात होता. डोंगराला गाडी घासली होती ते वळण आलं आणि गेलं. मी चोरून यांच्याकडं पाहिलं, कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात काही मोकळा होत नव्हता. मी पदरानं पुसला. लेकीसमोर असलं काही मी एरवी केलं नसतं.

खाली करंजीत त्यांनी गाडी बाजूला घेतली. उतरून आधी उजव्या चाकाजवळ तळहात नेला, मग डाव्या. वाकून वास घेतला, जळकट नव्हता. बाळ अजून निजलेलंच होतं. एवढा घाट उतरलो आणि नातीनं बघितलंसुद्धा नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

तिसगाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. बऱ्याच वेळानं हे पुढं बघतच म्हणाले, "राही, पंचिमीला कवा येऊ न्यायाला?"

"पंचिमीला लई दिस हायेत, आबा. आधी मला पोचू तर द्या."

"व्हय," हे म्हणाले. "पर तुज्या सासऱ्याला आजच सांगून ठिवतो."

आणि त्यांनी गाडीचा वेग जरासा वाढवला.