काहीही न करण्याचा तुकडा

पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात खालून गवत कापायच्या यंत्राचा आवाज आला आणि मी खिडकीकडे धावले.

दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, पेपर माझ्याच विषयाचा, वनस्पती आणि परिसर, आणि पहाऱ्यावरही मीच. जोडीला रसायनशास्त्राचे सर होते. ते पुरवण्या आणायला खाली गेले ते गेलेच. वाटेत त्यांना कुणी बोलायला भेटलं की पुरवण्यांचं काही खरं नसतं. नियमाप्रमाणे फोन कार्यालयात जमा. मी वर्ग सोडून नुसती जिन्यापर्यंत गेले असते तरी सगळ्यांची परीक्षा रद्द झाली असती.

त्या वर्गाच्या खिडकीतून माझा तुकडा दिसतो. इमारतीच्या मागे, चार खुंटांच्या मधला, बघणाऱ्याला नुसतं रान माजलेलं वाटेल असा. अकरा वर्षं मी तिथे काहीही केलेलं नाही, आणि तोच माझा प्रयोग आहे. कापायचं नाही, पेरायचं नाही, पाणी घालायचं नाही. माणसानं हात लावला नाही तर जमीन आपलं आपण काय काय उगवते, ते फक्त दर हंगामात मोजायचं. कॉलेजची बाग सांभाळणाऱ्या साहेबांना हे समजावून सांगताना माझे केस पिकले. "म्हणजे मॅडम, तुम्हाला काहीच न करण्याचा पगार मिळतो!" असं ते दर वेळी म्हणतात आणि स्वतःच हसतात. तिथे सगळीकडून एकदा पातं फिरलं की सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला माझी नोकरी तेवढी उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती, म्हणून सगळीकडे साफसफाईला ऊत आला होता. 'येथे काहीही करू नये' अशी माझी पाटी होती तिथे. नेमकी तीच रंगवायला नेली होती, समितीला चकचकीत दिसावी म्हणून!

यंत्र हिरवळीवर पट्टे मारत तिकडेच सरकत होतं. मी खिडकीतून डस्टर नाचवलं. यंत्रावरच्या दादांनी कान झाकून घेतले होते. त्यांनी वर पाहिलं, तोंडभर हसून मलाही हात केला आणि दुप्पट उत्साहानं पुढे निघाले. मी ओरडले. वर्गातली सगळी डोकी वर झाली, खाली काही पोचलं नाही.

खिडकीजवळच्या बाकावर लेटलतीफ बसली होती. हे नाव मीच ठेवलेलं. तासाला पोरगी कधी वेळेवर आली नाही, पण तुकड्यावर मोजणी असली की सगळ्यांच्या आधी हजर. बोटभर रोप नुसतं बघून ओळखायची आणि पेपरात मात्र तिची दांडी गुल व्हायची. याच विषयात दोनदा नापास. ही शेवटची संधी होती. ही गेली की पटावरून नाव कमी.

तिनं खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठून आली.

"मॅडम, पेपर घ्या माझा."

"बस खाली."

"ते खुंटांपाशी आलेत."

"मला दिसतंय. तू लिही. बाहेर गेलीस की परत आत येता येत नाही, माहितीये ना?"

"माहितीये. घ्या ना, लवकर."

मी तिला दरडावून बसवायला हवं होतं. तेवढ्यात यंत्राचा आवाज जड झाला. उंच गवतात शिरलं की तो तसा होतो. मी हात पुढे केला आणि तिचा पेपर घेतला.

ती धावत सुटली. यंत्रानं एक पट्टा पूर्ण केला, वळलं, दुसरा सुरू करणार तोच ती कोपऱ्यावरून आली आणि हात पसरून थेट समोर उभी राहिली. यंत्र तिच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबलं.

जीव भांड्यात पडला. मग हातातल्या पेपराकडे नजर गेली. पहिला प्रश्न, तोही अर्धवट. स्वतःचं गवत वाचवायला मी या पोरीचं शिक्षण पणाला लावलं होतं. मला माझीच चीड आली.

सर पुरवण्या घेऊन आले, आणि त्यांच्या मागोमाग ती, धापा टाकत.

"एकच पट्टा गेला, मॅडम. बाकी शाबूत आहे." ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "माझं पेन राहिलंय बाकावर. तेवढं देता?"

"आत ये. जागेवर बस."

"अहो मॅडम," सर म्हणाले, "बाहेर गेलेल्याला आत घेता येत नाही."

"ती गेली नाही, मी पाठवलं. पर्यवेक्षकानं पाठवलं तर तो विद्यार्थ्याचा दोष धरत नाहीत ना?"

"धरत नाहीत. पण तसं लिहून द्यावं लागतं, कशासाठी पाठवलं त्यासकट." सरांनी आवाज खाली आणला. "भर परीक्षेतून मुलीला स्वतःच्या प्रयोगासाठी पळवलं, असं तुम्ही लिहिणार? चौकशी लागेल. बागेचे साहेब टपूनच बसलेत. तो तुकडा तुमच्याकडे ठेवतील का?"

"नाही ठेवणार."

"मग?"

मी पेपर तिच्या पुढ्यात ठेवला. "लिही. गेलेला वेळ शेवटी भरून देते."

सरांकडून कोरा कागद मागून घेतला आणि टेबलाशी बसले. लिहिताना रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. सगळं खरं लिहिलं, फक्त एक वाक्य सोडून: ती आपणहून उठली होती, ते लिहिलं नाही. मग सही केली.