डावी बाजू खराब

अण्णासाहेब टीव्ही मोठ्यानं ऐकत. दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते कुणाला खुपलं नाही. तिथल्या भिंती जाड होत्या आणि शेजारीही तेवढ्याच मोठ्यानं ऐकत. शहाण्णव साली ते रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि बिऱ्हाड गाझियाबादला, वैशालीतल्या नव्या फ्लॅटमध्ये आलं. इथं शेजाऱ्याची शिंकसुद्धा भिंतीतून आरपार येई. चौथ्या मजल्यावर लागलेल्या बातम्या तळमजल्यावर ऐकू जाऊ लागल्या, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीनं लेखी पत्र पाठवलं.

"हेडफोन आणू या," मुलगा उन्मेष म्हणाला आणि कामावर निघून गेला. म्हणजे ते काम त्याच्या बायकोकडे, वृंदाकडे आलं.

वृंदाच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासरे तिच्याशी धड बोलत नव्हते. जेवताना शेजारी बसून ती भाजी कशी झालीय विचारी, आणि अण्णा आमटी भुरकत राहत. लग्न उन्मेषनं स्वतःच ठरवलं होतं, त्याचाच हा राग, असं तिनं धरून ठेवलं होतं. "भांडण नाही, आदळआपट नाही," ती फोनवर आईला सांगे. "नुसता राग."

शनिवारी ती आणि अण्णा बसनं लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात गेली. कालपरवापर्यंत ट्रान्झिस्टर दुरुस्त करणारी दुकानं आता परदेशी नावांची खोकी मांडून बसली होती. अण्णांची सारी नोकरी सरकारी खरेदीचा माल तपासण्यात गेलेली. त्यांनी खिशातून डायरी काढली, पहिला हेडफोन डोक्यावर चढवला आणि डोळे मिटले. दुकानदारानं टेप लावला.

"डावी बाजू खराब आहे," अण्णा म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

दुसऱ्याचीही डावी बाजू खराब निघाली. तिसरा सिंगापूरहून आलेला, जाड गाद्यांचा; त्याचीही तीच गत.

"बाबूजी, सब पीस चेक करके रखता हूँ," दुकानदार म्हणाला.

"छत्तीस साल यही काम किया है. रिजेक्ट माल पहचानता हूँ."

चार दुकानं झाली, अकरा हेडफोन झाले. "देश उघडला म्हणून जगातला सगळा भंगार माल इकडेच यायला लागला," अण्णा म्हणाले. वृंदाच्या पायांचे तुकडे पडले होते. बारावा हेडफोन तिनं आधी स्वतःच्या कानांना लावून पाहिला. दोन्ही बाजू खणखणीत होत्या. मग तिनं तोच अण्णांच्या डोक्यावर उलटा चढवला.

"आता?"

"डावी बाजू खराब."

दुकानदारानं वृंदाकडे पाहिलं. वृंदानं हेडफोन काढून घेतला, अण्णांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अण्णा, चहा घेणार?" ते समोरचा अ‍ॅम्प्लिफायर बघत राहिले. ती वळसा घालून उजवीकडे गेली. "अण्णा, चहा घेणार?"

"घेऊ की. केव्हाचा वाट बघतोय, कुणी विचारेल म्हणून."

जेवायला ती रोज त्यांच्या डाव्या हाताला बसे. तिथून स्वयंपाकघर जवळ पडे. दोन वर्षं मनातल्या मनात ती एकटीच ज्या भांडणांत बोलत आली होती, त्यांची आता काय वासलात लावायची, हे तिला सुचेना. चहा पिताना तिनं अण्णांना सगळं सांगितलं.

अण्णांनी डायरी उघडली. "म्हणजे माल बरोबर होता?"

"हो."

त्यांनी डायरीतल्या अकराही नोंदींवर काट मारली आणि प्रत्येकीखाली तारीख घालून सही केली. मग ते चारही दुकानांत परत गेले आणि "पीस ठीक है, कान रिजेक्ट है," असं सांगून आले. शेवटी सिंगापूरचा हेडफोन घेतला.

परतीच्या बसमध्ये वृंदानं त्यांना डावीकडची खिडकी दिली आणि स्वतः उजव्या हाताला बसली. यमुनेचा पूल लागला तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझं माहेर कुठलं गं?"

"अमरावती."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगितलं होतं मी. तीनदा."

"मग चौथ्यांदा सांग."

तिनं घरापासून सुरुवात केली, मग वडिलांचं औषधांचं दुकान, मग धाकटा भाऊ. अण्णा मध्येच बारीकसारीक विचारत होते. ती कॉलेजपर्यंत पोचली तेव्हा त्यांचा स्टॉप मागे पडला होता. पुढच्या स्टॉपवर दोघं उतरली आणि उन्हातून चालत मागे आली.